मागूर, मोघे आणि एकोणसाठ जाती

बुलढाणा जिल्ह्यात पाण्यातल्या जीवांवर काम करते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे लोणार का?" त्यात त्याची चूक नाही. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, टीव्हीवर आलं, त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात सूक्ष्मजीव म्हटलं की लोणार, हे समीकरण पक्कं झालंय. माझं काम त्यामानाने बरंच कळकट आहे. बाजारातून मागूर, मरळ, वाम असे मासे आणायचे, ते चिरायचे आणि त्यांच्या आतड्यात, कल्ल्यांवर, जखमांत कोण राहतंय ते बघायचं. सिनॉप्सिसमध्ये त्याला "माशांशी संबंधित परजीवी आणि जिवाणू" असं सोज्वळ नाव दिलंय.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय शोधताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. सिनॉप्सिस लिहिताना पूर्वसंशोधनाचा आढावा नावाचं एक प्रकरण असतं, आणि खरं सांगायचं तर ते बहुतेक जण आधीच्या प्रबंधातून उचलतात. मीही उचललं होतं. माशांतल्या कृमींवर विदर्भात किंवा मराठवाड्यात झालेला कुठलाही प्रबंध उघडा, सुरुवातीच्या पानांवर एक नाव असतंच: मोघे, १९२५. मी ते वाक्य जसंच्या तसं टाकलं आणि पुढे गेले. वर्षभराने, माझ्या स्वतःच्या कृमींना नाव द्यायची वेळ आली तेव्हा मूळ पेपर काढून वाचला. त्या एका ओळीमागे जे निघालं त्याने माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण मोडीत काढलं. ती गोष्ट नीट लिहून ठेवावी म्हणून हे.

आधी थोडा नकाशा. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि नागपूर ही आपली राजधानी झाली. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. अमरावती विद्यापीठ वेगळं झालं ते १९८३ मध्ये, म्हणजे त्याआधीची साठ वर्षं आपल्याकडच्या विज्ञानाच्या मुलांची वाट नागपूरकडे जायची. पण जिल्ह्याची दक्षिण बाजू, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, ही जालन्याला खेटून आहे, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं. त्यामुळे कृमिशास्त्राच्या बाबतीत आपण दोन घराण्यांच्या मधोमध बसलोय. एक नागपूरचं, जुनं आणि थोडकं बोलणारं. दुसरं औरंगाबादचं, नंतरचं आणि फार मोठ्या गोतावळ्याचं.

पाण्याचंही तसंच. नळगंगा उत्तरेला पूर्णेत जाते, पूर्णा तापीत, तापी अरबी समुद्रात. पैनगंगा बुलढाण्याजवळच अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, येळगावला आपल्या शहराला पाणी देते आणि वर्धेमार्गे गोदावरीला, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. मोताळ्याचा मासा आणि येळगावचा मासा शेजारी असून वेगवेगळ्या खोऱ्यांतले. हे लक्षात ठेवा. "धरण वेगळं, म्हणजे आतला कृमीही वेगळा असणार" हा मोह इथूनच सुरू होतो.

आता मोघे. एम. ए. मोघे हे नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राणिशास्त्रज्ञ. पुढे वटवाघळांच्या गर्भवाढीवरच्या कामामुळे त्यांचं नाव झालं, पण १९२५ मध्ये त्यांनी केंब्रिजहून निघणाऱ्या पॅरासायटॉलॉजी या नियतकालिकात चार पानांचा एक पेपर छापला. मागुराच्या आतड्यात सापडलेला एक नवीन कृमी, नाव कॅरिओफायलियस इंडिकस. विदर्भातल्या माशांच्या परजीवींचा लेखी इतिहास आपण सगळे इथूनच सुरू करतो.

पेपरच्या शीर्षकात नावापुढे कंसात गट दिलाय: ट्रेमाटोडा. म्हणजे पानासारख्या चपट्या कृमींचा गट, ज्यात मेंढीच्या यकृतातला कृमी येतो. प्रत्यक्षात हा प्राणी टेपवर्म, पट्टकृमी आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नाही आलं. पट्टकृमी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रिबिनीसारखा, शेकडो खंडांचा लांबच लांब प्राणी येतो. मागुरातला हा कृमी तसा नाही. त्याला खंडच नसतात. एक तोंडाकडचं टोक, मधे वृषणांची गर्दी, मागे अंडाशय, संपलं. अख्ख्या शरीरात जननेंद्रियांचा एकच संच. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा बघणारा कुणीही त्याला ट्रेमाटोड म्हणेल. फक्त त्याला आतडं नसतं, ते शोधूनही सापडत नाही, आणि तिथे गाडी अडते. त्या काळात या बिनखंडी कृमींना नेमकं कुठे बसवायचं यावर युरोपातसुद्धा एकमत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. डेन्मार्कच्या बोव्हियेन यांनी जावा बेटावरच्या माशांतल्या अशाच कृमींवर मोठा पेपर काढला. आणि पूर्वी अलाहाबादला शिकवून गेलेले वुडलँड यांनी लंडनमध्ये बसून या सगळ्या कुळाची फेरमांडणी केली. त्यात त्यांनी मोघ्यांचा कृमी कॅरिओफायलियसमधून काढून लायटोसेस्टस या जीनसमध्ये टाकला. हा जीनस कोन यांनी १९०८ मध्ये हाँगकाँगच्या एका मागूरकुळातल्या माशातल्या कृमीवरून काढला होता. तेव्हापासून आपल्या कृमीचं पूर्ण नाव असं लिहितात: लायटोसेस्टस इंडिकस, कंसात मोघे १९२५, कंसाबाहेर वुडलँड १९२६.

हा कंस म्हणजे शोभा नाही. पेटच्या पेपरात एका मार्काला विचारतात तेवढाच त्याचा उपयोग नाही. मूळ लेखकाचं नाव कंसात आहे याचा अर्थ जात त्याचीच, पण त्याने ठेवलेल्या जीनसमध्ये ती आता नाही. कंसाबाहेरचं नाव हलवणाऱ्याचं. अख्खं भांडण दोन शब्दांत मावलंय.

फरक कुठे बघायचा? कृमीच्या कातडीच्या आत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या स्नायूंचा एक थर असतो. अंड्याला पिवळं द्रव्य पुरवणाऱ्या पीतक ग्रंथी या थराच्या बाहेर असल्या तर लायटोसेस्टसचं कुळ, आत असल्या तर कॅरिओफायलियसचं. आता मेख अशी की पूर्ण कृमी रंगवून काचेवर सपाट ठेवला तर स्नायूंचा थर आणि ग्रंथी एकमेकांवर दिसतात, आत कोण आणि बाहेर कोण ते कळत नाही. त्यासाठी कृमी मेणात बसवून त्याचे आडवे काप घ्यावे लागतात, काकडीच्या चकत्यांसारखे, फक्त काही मायक्रॉन जाडीचे. मोघ्यांनी १९३१ मध्ये त्याच नियतकालिकात याच कृमीवर पुरवणी वर्णन छापलं, आणि शीर्षकातच नवं नाव स्वीकारून जुनं नाव समानार्थी म्हणून लिहिलं. स्वतःच्या पहिल्या पेपरवर सहा वर्षांनी परत येऊन दुरुस्ती करणं मला फार आवडलं. आपल्याकडे हे क्वचित होतं.

मधली तीसेक वर्षं मी झपाट्याने ओलांडते. १९३० मध्ये साउथवेल यांचे फॉना ऑफ ब्रिटिश इंडियातले पट्टकृमींचे दोन खंड आले, पुढे स्वातंत्र्य आलं, राज्यं बदलली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

मग औरंगाबाद. मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे यांनी पट्टकृमींचं काम उभं केलं. १९६८ मध्ये त्यांनी मरळीच्या कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबोथ्रियम हा नवा जीनस काढला. त्यांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे विद्यार्थी असं करत महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत आज जो कुणी माशाचं आतडं उघडतो तो या घराण्यातला निघतो. ज्या गावांत प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत धड नळाला पाणी नव्हतं तिथे यांनी संशोधन सुरू ठेवलं, हे आधी मान्य करायला हवं.

आणि मग जाती वाढायला लागल्या. एकट्या लायटोसेस्टसमध्ये मराठवाड्यावरून मराठवाडाएन्सिस, नळदुर्गवरून नळदुर्गएन्सिस, चाळीसगाववरून चाळीसगावएन्सिस. गावाचं नाव लॅटिन शेपूट लावून जगभरच्या यादीत गेलं की छान वाटतं, मलाही वाटलं असतं. मी तर मनातल्या मनात नाव ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. जिल्ह्याचं. पण हा प्रकार फक्त महाराष्ट्रात चालला होता असं नाही. रायपूर, बंगाल, उत्तर प्रदेश, सगळीकडे मागुराच्या पोटातून नवीन जाती निघत होत्या.

किती? अनिर्बाण आश, टोमाश शोल्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जर्नल ऑफ पॅरासायटॉलॉजीत याचा हिशेब मांडला. भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या मागुरातून तोवर वर्णन झालेल्या बिनखंडी पट्टकृमींच्या जाती होत्या ५९, जीनस १५. भारत, थायलंड आणि इंडोनेशियातून ताजे कृमी गोळा करून आणि संग्रहालयातले जुने नमुने तपासून त्यांनी ठरवलं की यातल्या खऱ्या जाती ८.

एकोणसाठातल्या आठ. बाकी एक्कावन्न नावं कागदावर. आठांत मोघ्यांचा लायटोसेस्टस इंडिकस आहे. बोव्हियेन यांच्या जावातल्या जातींपैकीही काही आहेत. रायपूरकडून आलेलं एक नाव आहे. मराठवाडा, नळदुर्ग, चाळीसगाव यांपैकी एकही नाही.

हा पेपर मी रात्री वाचला आणि सकाळी प्रयोगशाळेत गेले नाही. कारण तोवर मी खामगावच्या बाजारातून आणलेल्या मागुरांतल्या कृमींची मोजमापं घेऊन बसले होते आणि त्यात "दोन नवीन जाती" निघत होत्या. एक लांब मानेची, एक आखूड मानेची. वृषणांची संख्या वेगळी, अंडाशयाचा आकार वेगळा. तक्ता तयार होता.

मग एक साधा प्रयोग केला, जो खरं तर पहिल्या महिन्यात करायला हवा होता. मागूर हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे तो बाजारात टोपल्यात जिवंत मिळतो, आणि आपल्या कामात ही मोठी सोय आहे. एका जिवंत माशाच्या एकाच आतड्यातले कृमी काढले. अर्धे नेहमीसारखे थंड फॉर्मालिनमध्ये टाकले. अर्ध्यांवर उकळायला आलेलं चार टक्के फॉर्मालिन ओतलं. थंडातले कृमी आक्रसून गोळा झाले, मान आखूड, डोकं फुगलेलं, आतले अवयव एकमेकांवर चढलेले. गरमातले क्षणात मेले आणि सरळ, सैल राहिले. दोन्ही रंगवून, काढून, मोजून शेजारी ठेवले. माझ्या दोन नवीन जाती एकाच माशाच्या वीतभर आतड्यातून निघाल्या होत्या. फरक फॉर्मालिनच्या तापमानाचा होता.

जुन्या वर्णनांचं बरंचसं असंच झालं असावं. कृमी थंडात मारायचा, वर दोन काचांमध्ये दाबून चपटा करायचा म्हणजे आतलं स्पष्ट दिसतं, मग वृषण मोजायचे. दाबला की वृषण पसरतात, काही एकमेकांआड जातात, मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. त्यात बाजारात सकाळपासून पडलेला मासा असेल तर आतला कृमीही अर्धा सडलेला असतो, आणि सडलेल्या कृमीत नसलेल्या भेगा, नसलेल्या खाचा दिसतात. आणि वर्णन एकदोन कृमींवरून केलेलं असेल तर फरक माणसामाणसांतल्या उंचीसारखा आहे की खरोखर जातींतला, हे कळायला मार्गच नाही.

मला त्या पिढीवर हसावंसं वाटत नाही. बोव्हियेन यांचा पेपर डेन्मार्कच्या एका नियतकालिकात आहे. आज मी तो दहा मिनिटांत उतरवून घेतला. १९८० मध्ये उस्मानाबाद किंवा चिखलीत बसलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? तुलना करायला जुनं वर्णन हातात नसेल तर प्रत्येक कृमी नवीनच वाटणार. पण एका गोष्टीची सूट मी देणार नाही. मूळ नमुना, ज्यावरून जात काढली तो टाइप, सार्वजनिक संग्रहालयात ठेवायचा असतो. बऱ्याच वर्णनांत तो विभागाच्या कपाटात ठेवल्याचं लिहिलेलं असतं. कपाटाला वाळवी लागते, विभागप्रमुख निवृत्त होतात, इमारत बदलते. मग शंभर वर्षांनी कुणाला तपासायचं झालं तर काय तपासणार? प्राणिनामकरणाच्या संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली, आणि तिच्यानुसार नव्या जातीचा होलोटाइप स्पष्ट सांगणं आणि तो कुठल्या संग्रहात, कुठल्या गावी आहे हे लिहिणं सक्तीचं आहे. त्याशिवाय नावच ग्राह्य नाही. कलकत्त्याचं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया १९१६ पासून आहे, पुण्यात आकुर्डीला त्याचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. बुलढाण्याहून पुण्याला रात्रीची बस मिळते.

आणि हो, ही छाटणी परदेशी लोकांनी येऊन केली असा समज करून घेऊ नका. झूलॉजिकल सर्व्हेच्या हाफीझुल्ला यांनी १९९३ मध्येच भारतातल्या मागुराच्या या कृमींचा आढावा घेणारी तेहतीस पानांची पुस्तिका काढली होती आणि छाटणीला हात घातला होता. ती सरकारी प्रकाशनात आली. मी चाळलेल्या प्रबंधांत तिचा उल्लेख नावालाच होता. नवीन जाती त्यानंतरही निघतच राहिल्या.

इथवर आल्यावर वाटलं, चला, निदान मासा तरी पक्का आहे. तोही नाही निघाला.

आपण सगळे वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्राकस लिहितो. हे नाव लिनियसचं, १७५८ चं. गंगेकाठच्या माशांवर काम करणाऱ्या हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये बंगालातला मासा वेगळा म्हणून वर्णन केला आणि लोकांच्या तोंडचं नावच त्याला दिलं: मागूर. नंतरच्या लोकांनी दोन्ही एकच समजून हॅमिल्टन यांचं नाव बाजूला टाकलं. २००८ मध्ये ङ आणि कॉटेलाट यांनी जुना कागदोपत्री गुंता सोडवून दाखवलं की खरा बॅट्राकस जावाचा, आणि भारतातला तो क्लॅरियस मागूर. म्हणजे मोघ्यांचा यजमान आणि बोव्हियेन यांचा यजमान हे एकाच नावाखाली लिहिलेले दोन वेगळे मासे होते. मग जावातल्या आणि नागपूरकडच्या कृमींना एक मानताना "यजमान एकच आहे" हा आधार आपोआप ढिला होतो. म्हणून मी ८ हा आकडाही दगडावरची रेघ मानत नाही. तो वर जाईल की खाली, हे डीएनए आणि कापलेल्या चकत्या दोन्ही मिळून ठरवतील.

बाजारात अजून एक घोळ आहे. "मांगूर" म्हणून जे मोठं धूड विकतात ते बऱ्याचदा आफ्रिकेतलं क्लॅरियस गॅरिपायनस असतं, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात आणि ज्याच्या पैदाशीवर आपल्याकडे बंदी आहे. देशी मागूर मात्र आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. विक्रेत्या मावशींना मी विचारते तेव्हा त्या एका नजरेत सांगतात, "हा देशी नाही बाई." त्यांचं बरोबर असतं. तरी मी प्रत्येक माशाचा डोक्याचा वरून फोटो काढते, कारण डोक्यामागचं हाड टोकदार आहे की बोथट यावरून नंतरही तपासता येतं.

आता सिनॉप्सिसचा दुसरा अर्धा भाग, जिवाणू. इथे माझ्याकडून होऊ घातलेली चूक वेगळी होती, पण तिची जातकुळी तीच.

मरळीच्या अंगावर लाल, खोल गेलेली जखम दिसली, तिथून काडीने पुसून प्लेटवर लावलं, की दुसऱ्या दिवशी एरोमोनास उगवतो. दर वेळी. एरोमोनास हायड्रोफिला आला, म्हणजे जखम त्यानेच केली, असं लिहायला हात शिवशिवतात. १९८८ मध्ये नेमकं हेच देशभर झालं होतं. त्या वर्षी बांगलादेश आणि ईशान्य भारतातून माशांच्या व्रणांची साथ शिरली आणि पुढच्या काही वर्षांत कितीतरी राज्यांत पोचली. मरळ सगळ्यात जास्त सापडली. रोहू, मृगळही गेले. लोक मासे खायला घाबरले, भाव पडले, आणि ज्यांचं पोट मासेमारीवर ते भोई समाजातले लोक दोन्हीकडून मारले गेले. या रोगाला १९८६ मध्येच बँकॉकच्या एका बैठकीत एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, ईयूएस, असं नाव पडलं होतं. सिंड्रोम म्हणजे लक्षणांचा गुच्छ, कारण माहीत नसताना वापरायचा शब्द. जखमांतून एरोमोनास मिळत होता, काही देशांत विषाणूही मिळाले. प्रत्येक प्रयोगशाळेला आपापला गुन्हेगार सापडला.

खरा कारक निघाला ऊमायसीट, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव, अफॅनोमायसीस. पावसानंतर पाणी थंड व्हायला लागलं की त्याचे पोहणारे बीजाणू माशाच्या कातडीतून आत शिरतात आणि स्नायू पोखरतात. उघड्या मांसावर मग पाण्यात आधीपासूनच असलेला एरोमोनास येऊन बसतो. तो निरोगी माशाच्या आतड्यातही मिळतो, आपल्या टाकीच्या पाण्यातही. काडीने जखम पुसणाऱ्याला वरचा पाहुणा सापडतो, खालचा मालक सापडत नाही, कारण त्याला वाढायला वेगळं माध्यम लागतं आणि जखमेच्या कडेचं, अजून न सडलेलं मांस घ्यावं लागतं.

आणि नावाचा घोळ इथेही. जपानमध्ये १९७१ साली ओइता भागातल्या माशांत हाच रोग दिसला होता. हताई यांनी १९८० मध्ये त्या जीवाला पिसिसिडा म्हटलं. थायलंडच्या कामावरून १९९५ मध्ये त्याला इन्व्हेडेरिस नाव मिळालं, ते लॅटिनच्या नियमात बसत नाही म्हणून दुरुस्त होऊन इन्व्हेडन्स झालं. पुढे डीएनएवरून कळलं की जपानचा आणि बाकीच्यांचा जीव एकच. एक रोग, एक जीव, आणि जखमेवर दिसणाऱ्या एरोमोनासच्या नावावर ढीगभर पेपर.

म्हणून माझ्या नोंदवहीत आता दोन रकाने आहेत: "सापडला" आणि "कारण". दुसरा रकाना बहुतेक रिकामा आहे. एखाद्या जिवाणूला तिथे बसवायचं तर तो शुद्ध वेगळा करून निरोगी माशाला द्यावा लागेल, तीच जखम व्हावी लागेल, आणि त्या जखमेतून तोच परत मिळावा लागेल. कॉखचे हे नियम आपण सगळ्यांनी बी.एस्सी.ला पाठ केलेत. करायला टाक्या, परवानगी आणि सहा महिने लागतात.

गाइडला जेव्हा सांगितलं की दोन नवीन जातींचं प्रकरण आता नाही, तेव्हा त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "मग त्या जागी काय टाकणार?" मी म्हटलं, एकच जात, लायटोसेस्टस इंडिकस, आणि ती थंडात, गरमात, दाबून, न दाबता कशी कशी दिसते त्याचा तक्ता. तापीकडच्या आणि गोदावरीकडच्या माशांतले कृमी शेजारी ठेवून. "यावर पेपर होईल?" होईल की नाही मला माहीत नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, करा.

आता रोजचं काम असं चालतं. मासा जिवंत घ्यायचा, फोटो, मग आतडं. कृमीवर गरम फॉर्मालिन, पण त्याआधी मधला एक छोटा तुकडा कापून निर्जल अल्कोहोलच्या कुपीत, डीएनएसाठी. उरलेले दोन भाग त्याच क्रमांकाने स्लाइडवर, म्हणजे उद्या कुणी डीएनए बघून शंका काढली तर तोच कृमी डोळ्यांनी बघता येईल. काही कृमी मेणात, चकत्यांसाठी. गाळातले बारीक लाल कृमी, जे मत्स्यालयाच्या दुकानात ट्युबिफेक्स म्हणून विकतात, तेही येळगावच्या काठावरून आणायला सुरुवात केलीय, कारण या पट्टकृमींची पिल्लं आधी अशाच कृमींत वाढतात आणि मागूर ते खातो. त्यात अजून काही मिळालेलं नाही. लेबलवर तारीख, गाव, खोरं, माशाचा फोटो क्रमांक असतो. जातीची ओळ पेन्सिलीने लिहिते.